शकुनच्या नावावर लागलेल्या चुका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या साहेबांच्या हाताखाली हे घडलं त्यांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. भंडाऱ्याकडे कॉम्प्युटर आला त्या दिवसांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा त्यांच्या मनात वेगळं होतं. यंत्रापुढे नारळ फोडला, चपला बाहेर काढून आत जायचो, अशा गमती त्यांना हव्या होत्या. त्या खऱ्या आहेत. नारळ मीच फोडला होता, आणि पाणी यंत्रावर उडू नये म्हणून जिन्यात फोडला होता. पण ते दिवस आठवायला बसलो की मला शकुन लांजेवार आठवते आणि लिहायचं सुचत नाही. म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही. यंदा तिच्याबद्दलच लिहितो.

कारखान्याचं नाव सांगत नाही. भंडाऱ्याहून कामगारांची बस जायची एवढं पुरे. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि तिथं एक मिनी कॉम्प्युटर आला. मिनी म्हणजे दोन गोदरेज कपाटांएवढा. आमच्या खात्याचं नाव ई.डी.पी., म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग. कामगार त्याला ‘येडीपी’ म्हणत. पगाराच्या चिठ्ठीत काही कमी-जास्त झालं की खिडकीशी येऊन विचारत, “काहून जी, येडीपीचं डोस्कं फिरलं का आज?”

आम्ही प्रोग्रामर तिघं. मी, म्हणजे हटवार, मोहाडीकडचा. दुसरा रहांगडाले, तुमसरचा, गप्पिष्ट आणि दिलदार. तिसरे एक वयस्कर गृहस्थ, हिशेब खात्यातून आलेले, ते फारसे बोलत नसत. वर दाणी साहेब, नागपूरचे. आणि टायपिंगला शकुन. ती लाखनीजवळच्या एका गावची. स्टोअर्समध्ये टायपिस्ट म्हणून लागली होती, तिथून आमच्याकडे पाठवली.

बाहेरच्या माणसाला आमचं काम समजावं म्हणून थोडं सांगतो. तेव्हा प्रोग्राम आम्ही आधी कागदावर लिहायचो. त्यासाठी चौकटींचे खास कागद असत, एका चौकटीत एक अक्षर. डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव. तो गठ्ठा शकुनकडे जायचा. ती सारं टर्मिनलवर, म्हणजे यंत्राला जोडलेल्या पडदा-कीबोर्डवर, टाइप करायची आणि मग कंपायलरकडे द्यायची. कंपायलर म्हणजे आपली भाषा यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी. तो भारी खवचट. एक टिंब राहिलं तरी प्रोग्राम परत, वर चुकांची यादी. मग शकुन ती यादी कागदाला टाचून लिहिणाऱ्याला परत द्यायची. जितक्यांदा परत यायचा तितके पेन्सिलीचे ठिपके ती कागदाच्या कोपऱ्यात द्यायची. तिची सवय. रहांगडालेच्या कागदांचे कोपरे देवी आल्यासारखे दिसत. पहिल्या पानाच्या मथळ्यात काहीतरी राहिलं की एकाच्या पोटातून पन्नास चुका निघत. त्यात लाजण्यासारखं काही नसतं. चूक दारातच सापडली तर बरंच, पगाराच्या चिठ्ठीत सापडली तर वाईट.

तर सकाळी शकुन आपल्या नावानं यंत्रात शिरायची आणि संध्याकाळपर्यंत तेच नाव चालू. टर्मिनल मोजून तीन होते. एक दाणी साहेबांच्या खोलीत, एक माझ्यापाशी, तिसरा तिचा. ती जेवायला उठली की रहांगडाले तिच्या खुर्चीत जाऊन बसायचा आणि तिच्याच नावाखाली आपला प्रोग्राम पाच-सहादा कंपायलरवर आपटायचा. त्याचं म्हणणं, “पहिल्या किकमंदी लुना तरी चालू होते काय बे?” त्यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. शकुनचं नाव म्हणजे आमच्या खात्याची पायरी होती, सारे तिच्यावरून आत जायचे.

पगाराचं काम चाळीसेक तुकड्यांत लिहिलेलं होतं. एक तुकडा बदलला की बाकीचे कोणते त्यामुळं पुन्हा बांधायचे हे लक्षात ठेवणं माणसाचं काम नव्हे. त्यासाठी यंत्रात ‘मेक’ नावाचं साधन होतं. आपल्याकडे पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, करणारा कारागीर बूड वेगळं ठोकतो, गळा वेगळा, आणि मग सांधतो. गळा बिघडला तर बूड पुन्हा ठोकत नाही, गळाच बदलून नवा सांधा देतो. मेक तेच करायचं. काय बदललं ते बघायचं आणि तेवढंच कंपायलरकडे पाठवून सारं पुन्हा सांधायचं. कोणत्या क्रमानं काय करायचं त्याचे नियम एका फाइलमध्ये असत. ती फाइल माझ्या ताब्यात होती. मेक आमच्याकडे मी बसवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. आजही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

दाणी साहेब दिल्लीला प्रशिक्षणाला जाऊन आले ते एक नवीन वेड घेऊन. तिकडे म्हणे प्रोग्रामरांचं काम मोजतात. किती ओळी, किती वेळ, किती चुका. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि विचारलं, आपल्याकडे जमेल का? पण कुणाला कळता कामा नये. कळलं की लोक मोजणीपुरतं काम करतात. मी म्हटलं जमेल. का म्हटलं? जमत होतं म्हणून. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर बसतो तसा मी कंपायलरच्या दारात एक छोटा प्रोग्राम बसवला. मेकच्या नियमात जिथं ‘कंपायलर बोलाव’ असं होतं तिथं ‘आधी याला बोलाव’ असं केलं. तो घड्याळ बघायचा, आत कोणाचं नाव चालू आहे ते बघायचा, ओळी मोजायचा, मग कंपायलरला बोलवायचा, त्यानं काढलेल्या चुका मोजायचा आणि सारं एका फाइलमध्ये लिहून निमूट बाजूला व्हायचा. मेकची एक खोड होती, जे काम करेल ते पडद्यावर लिहून दाखवायचं. त्यावर उपाय होता. ओळीच्या आधी किराण्याच्या बिलावर दरापुढं काढतात ती वेटोळी खूण टाकली की ती ओळ पडद्यावर उमटत नाही. मी ती खूण टाकली. काम तेच, वेग तेवढाच, पडदा जसाच्या तसा. शकुन शेजारीच बसून टाइप करत होती.

दोनेक महिने मजेत गेले. मग ऐन पगाराच्या आदल्या दिवशी यंत्र अडलं. चिठ्ठ्या छापता छापता प्रिंटर गप्प. बाहेर खिडकीशी माणसं. मी आत बघितलं तर डिस्क गच्च भरलेली. कशानं? माझ्या टाइमकीपरच्या फाइलनं. हौसेपोटी मी प्रत्येक चुकीचा सगळा मजकूर साठवत होतो, कोणत्या तुकड्यातली, कोणत्या ओळीतली, सारं. ती फाइल मी उडवली, यंत्र चालू झालं, आणि दाणी साहेबांनी विचारल्यावर म्हणालो, व्होल्टेज. आमच्या भागात व्होल्टेजवर कुणी शंका घेत नाही. साहेबांनी लगेच मोठा स्टॅबिलायझर मागवला. माझ्या थापेतून निपजलेला तो स्टॅबिलायझर आमच्या खात्यात माझ्याइतकाच टिकला.

त्यानंतर जागा वाचवायला मी नोंदी आखूड केल्या. तुकड्याचं नाव काढून टाकलं. उरलं काय, तर आत चालू असलेलं नाव, वेळ, ओळी, चुका. म्हणजे प्रोग्राम कोणाचा हे कळायची शेवटची वाट मीच बंद केली. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही, हे खरं. पण पुढं जे झालं ते लक्षात आल्यावर झालं.

पहिला अहवाल छापला तेव्हा वर शकुनचं नाव होतं. चुका सर्वांत जास्त, बाकी तिघांच्या एकत्र केल्या तरी त्याहून कितीतरी अधिक. मी हसलो. तिच्या नावाखाली सारं खातं चुकतं हे मला ठाऊकच होतं. त्यात रहांगडालेच्या चुका होत्या, हिशेबवाल्या गृहस्थांच्या होत्या आणि माझ्याही होत्या, कारण माझे कागदही तीच टाइप करायची. मी स्वतः टर्मिनलवर बसायचो ते तयार प्रोग्राम चालवायला, म्हणून माझ्या नावापुढं जवळजवळ काहीच नव्हतं. उपाय सोपा होता. आम्ही ज्या भाषेत लिहायचो तिच्यात प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला लिहिणाऱ्याचं नाव घालायची एक ओळच असते. माझ्या टाइमकीपरनं चालू नाव बघण्याऐवजी ती ओळ वाचली असती तर झालं असतं. काही जुन्या प्रोग्रामांत ती ओळ नकलून चुकीची राहिली होती, ती दुरुस्त करायला एक दुपार लागली असती. मी म्हटलं, करू पुढच्या आठवड्यात. अहवाल साहेबांना हवा होता, तो तसाच दिला. कागदाची रुंदी ठरलेली, म्हणून शेवटच्या रकान्याला मथळा दिला तीन अक्षरांचा, इंग्रजीत, ‘चूक’ या अर्थाचा.

पुढचा आठवडा आला नाही. आली ती एक जागा. साहाय्यक प्रोग्रामरची एक जागा खात्यातल्या खात्यात भरायची ठरली. अर्ज दोन, स्टोअर्समधल्या एका कारकुनाचा आणि शकुनचा. शकुननं वर्षभर आमचे कागद टाइप करता करता ती भाषा शिकून घेतली होती. आमच्या चुका ती टाइप करायच्या आधीच पकडायला लागली होती. “भाऊ, इथं टिंब राहिलं वाटते,” असं हळूच म्हणायची, आपणच काही वावगं केल्यासारखं. कँटीनच्या कूपनांचा एक प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला होता. माझ्याजवळ बसून मेकचे नियमही शिकून घेतले होते. लेखी परीक्षेत ती पहिली आली. आम्ही सारे धरूनच चाललो होतो की जागा तिची. रहांगडालेनं तर पेढे कोण देणार म्हणून तिला छेडून घेतलं होतं. तिला ती जागा फार हवी होती. टायपिस्टच्या नेमणुकीला दर सहा महिन्यांनी मुदतवाढ लागायची. ही जागा कायमची होती, आणि काम तिला आवडायचं. इतकं सोपं आणि इतकं मोठं.

निवडीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. अहवाल टेबलावर उलगडलेला. शेवटच्या रकान्यावर लाल पेन्सिल. ते दुष्ट नव्हते, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. त्यांनाही ती मुलगी पसंत होती. ते म्हणाले, परीक्षा तर चांगली दिलीय हिनं, पण हे बघा. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं,

“हटवार, हे आकडे बरोबर आहेत ना?”

मला वेळ होता. घाई कुणालाच नव्हती. मी काय विचार केला तो सांगतो, कारण तेवढंच सांगण्यासारखं आहे. पुढच्या महिन्यात मुख्य कचेरीतून माणसं येणार होती आणि साहेब त्यांना हा टाइमकीपर दाखवणार होते. माझं नाव घेऊन. आकडे चुकीच्या नावावर आहेत म्हटलं की सगळंच कोसळणार. मग डिस्क का भरली होती तेही निघणार, स्टॅबिलायझरही निघणार. हे सारं दोन-तीन श्वासांत मनात येऊन गेलं.

“आकडे बरोबर आहेत, साहेब,” मी म्हणालो.

आणि आकडे बरोबरच होते. एकही चूक जास्त नव्हती की कमी नव्हती. त्या वाक्यात खोटा शब्द नाही, म्हणून ते मला आजपर्यंत सोडत नाही. व्होल्टेजची थाप मी केव्हाच विसरून गेलो असतो.

जागा स्टोअर्सच्या कारकुनाला मिळाली. शकुनला साहेबांनी बोलावून सांगितलं की परीक्षा ठीक आहे, पण रोजच्या कामात चुका फार आहेत, तशी नोंद आहे. नोंद कुठली, ते सांगितलं नाही. दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. रडली वगैरे नव्हती. हातात कागदांचा गठ्ठा होता, ठिपक्यांचा.

“भाऊ, माह्या चुका कोनं मोजल्या?”

मी म्हणालो, “मशीन मोजते.”

तिनं जरा विचार केला. म्हणाली, “मशीनले माहं नाव कोनं सांगतलं?”

मी पडद्याकडे बघत राहिलो. पडद्यावर काही नव्हतं. तिनं गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. “हे पाहा नं जी. ज्याचे कागद त्याचं नाव हाय वरतं. ह्या चुका माह्यावाल्या नोहोत. साहेब तुमचं आयकतात, तुमी सांगून पाहा.” मी हो म्हटलं. सांगतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी बघितलंही नाही. महिन्याभरात तिला परत स्टोअर्समध्ये धाडलं, आणि सहा महिन्यांची मुदत संपली तेव्हा कुणी वाढवली नाही. ती गेली त्या दिवशी रहांगडाले मला म्हणाला, “पोरगी हुशार होती राजा. कशी काय एवढी चुकली?” त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मला त्याचा आजही हेवा वाटतो.

मुख्य कचेरीची माणसं आली. टाइमकीपरची वाहवा झाली. मला बढती मिळाली. तिच्या जागी टायपिंगला नवीन मुलगी आली तशी चुकांचा ढीग तिच्या नावावर जमायला लागला. मग मात्र मी एका दुपारी बसून लिहिणाऱ्याच्या नावाची ओळ वाचायची सोय केली. म्हटलं ना, एक दुपारच लागली. नव्या अहवालात रहांगडालेचं नाव वर गेलं. साहेब हसले आणि म्हणाले, याच्यामुळं निदान करमणूक तरी होते. त्याचं काहीही बिघडलं नाही. चुकांवरून माणूस जोखायचा नसतो, हे साहेबांना त्याच्या बाबतीत लगेच कळलं.

शकुनचा गठ्ठा माझ्या खणात होता. दिवाळीच्या सुटीत मी तो घरी आणला आणि ठिपके मोजले. कागदावरच्या नावांप्रमाणे वेगळे केले. माझे ठिपके रहांगडालेच्या खालोखाल निघाले. शकुनच्या स्वतःच्या नावाचा एकच प्रोग्राम, कँटीनच्या कूपनांचा. कोपऱ्यात दोन ठिपके, आणि टाचलेल्या यादीत दोन्ही वेळा एकेकच चूक. तिसऱ्या खेपेला तो कंपायलरनं पास केला होता. आमच्यापैकी कुणाचाही प्रोग्राम तिसऱ्या खेपेला कधी बसला नव्हता. मी तो हिशोब नीट कागदावर मांडला, बघितला आणि फाडला. गठ्ठा रद्दीवाल्याला दिला. हे मी आळसानं किंवा घाबरून केलं असं म्हणता येणार नाही. तोवर घाबरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. साहेब बदलून गेले होते. मी सांगितलं असतं तर फार तर थोडी शोभा झाली असती.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. ते यंत्र भंगारात गेलं. मी दुसरीकडे लागलो. लोक मला जुना जाणकार म्हणून बोलावतात, मोजल्याशिवाय सुधारणा नाही वगैरे मी पोरांना सांगतोही. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी लाखनीला उतरलो. पत्रिकेची झेरॉक्स हवी होती, म्हणून हायवेलगतच्या एका दुकानात शिरलो. झेरॉक्स, टायपिंग, अर्ज लिहून देणे. काउंटरमागं शकुन.

तिनं मला आधी ओळखलं. खुर्ची दिली, ट्रकांच्या आवाजात ओरडून समोरच्या टपरीवर चहा सांगितला. नवऱ्याचं दुकान, तीच बघते. राग कुठंच नाही. मी शोधला, नव्हता. मागं एक कॉम्प्युटर होता, त्यावर तिची कॉलेजातली मुलगी अर्ज टाइप करत होती. शकुन तिला म्हणाली, “पाय वो, हे हटवारभाऊ. ह्याइनंच मले कंपुटर शिकवलं.”

मुलगी हसली. म्हणाली, पण आई तर कधी याला हातच लावत नाही. अर्ज सारे मीच टाइप करते.

“मले नाही जमत बापा ते,” शकुन म्हणाली. माझ्याकडे वळून, जुनी गंमत सांगावी तशा सुरात. “तुमाले त ठाऊकच हाय भाऊ. माह्या चुका लय होत. तवा वाटे का नाही, माह्यावाल्या नोहोत. मग इचार केला, मशीन कायले खोटं बोलंल?”

चहा आला. मी तो प्यालो. तिनं झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. लग्न मी अर्ध्यावर सोडून भंडाऱ्याची बस धरली.

वीस वर्षांपूर्वी तिची जागा गेली, ती मी परत आणू शकत नाही. पण त्यानंतर ती रोज स्वतःला चुकणारी समजत आली, हे थांबवता येतं, आणि मी ते त्या दुकानात बसूनही थांबवलं नाही. हे छापून आलेलं तिच्या हाती पडलं तरी माझं भागत नाही. चुका कुणाच्या ते तिला कळेल, पण ते माझ्या तोंडून कळायला हवं. शकुन, त्यातल्या दोन चुका तुझ्या होत्या. बाकीच्या आमच्या होत्या, आणि तुझं नाव मशीनला मी सांगितलं. हे मला लाखनीला जाऊन, तुझ्या मुलीसमोर, तुला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.